पडलेल्या झाडांच्या फळ्या घरीच काढायच्या तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देपालपूरच्या बाजूला शेत आहे, जूनच्या वादळात बांधावरचे दोन जुने आंबे आणि एक शिसम मुळासकट आडवे झाले. इंदूरच्या घरच्या अंगणातला कडुलिंबही आता भिंतीवर कलतोय. जळणाच्या भावात विकण्यापेक्षा चेनसॉ आणि त्यावर बसणारी फळ्या काढायची चौकट घ्यावी, घरीच फळ्या पाडाव्यात, आणि नव्या घराच्या चौकटी, दारं, कपाटं त्यातूनच करावीत, असं तुमच्या मनात आहे. कोणती मशीन घ्यावी, एवढंच तुम्ही विचारलंय.

मशीनचं नंतर बोलू. आधी आंब्याचं, कारण तो थांबणार नाही. आंब्याच्या ओल्या लाकडात साखर आणि स्टार्च भरपूर असतं. पावसाळी दमट हवेत साल असलेल्या ओंडक्यात थोड्याच दिवसांत बुरशी शिरते आणि आत निळसर-काळे पट्टे उतरतात. त्या डागांनी लाकडाची ताकद जात नाही, पण मागोमाग कूज येते, आणि सालीखाली लाकूड पोखरणारा किडा अंडी घालून बसतो. दिवाळीपर्यंत ओंडके तसेच ठेवलेत तर त्यातलं बरंचसं खरोखरच जळणाला जाईल. शिसमचं तसं नाही. त्याचा गडद गाभा वर्षभर पडून राहिला तरी फारसा बिघडत नाही. बाहेरचा पांढरा पट्टा तेवढा किडा खातो, आणि तो एरवीही कामाचा नसतो. म्हणून शेतात ट्रॅक्टर जाईल इतकी वाट सुकली की आधी आंबे उचला. शिसमच्या दोन्ही तोंडांना जाड ऑइलपेंट फासा, ओंडका खाली दगड देऊन जमिनीपासून वर घ्या, आणि दिवाळीपर्यंत विसरा.

फांद्या तोडायला कोणी शेतात जाण्याआधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा. मुळासकट पडलेल्या झाडाचा बुंधा कापला की खोडाचं वजन सुटतं, आणि मातीचा गड्डा घेऊन वर आलेली मुळं परत खड्ड्यात बसतात. बुडखा एकदम उभा राहतो, माणसाला बाजूला व्हायला वेळही मिळत नाही. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे पोरं, गडी, गुरं, कोणीही नको. तसंच फांद्यांवर टेकून अधांतरी राहिलेलं खोड एका बाजूने दबलेलं आणि दुसऱ्या बाजूने ताणलेलं असतं. दबलेल्या बाजूने आधी थोडं कापायचं आणि मग ताणलेल्या बाजूने पूर्ण करायचं, हा क्रम चुकला तर एक तर मशीनचा बार अडकतो नाहीतर लाकूड उभं फाटत अंगावर येतं. वादळाने पाडलेलं झाड हे चेनसॉ शिकायचं पहिलं झाड नव्हे. हे काम रोज करणारा माणूस बोलवा आणि त्याला पैसे द्या.

आता कायद्याचं, कारण मध्य प्रदेशात हे आधी बघितलेलं बरं. शहरातलं झाड तोडायला 2001 च्या नगरीय क्षेत्र वृक्ष परिरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, म्हणजे अंगणातल्या कडुलिंबासाठी नगर निगमात अर्ज करावा लागेल. लाकूड चिरण्याच्या धंद्यावर 1984 चा काष्ठ चिरान कायदा आहे, आणि परवान्याशिवाय आरा मशीन उभी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या आदेशानंतर नव्या आरा मशीनना परवानगी मिळणं आणखी अवघड झालं. तुमची चेनसॉवरची चौकट लहान आहे, हलती आहे, घरच्यापुरती आहे, हे सगळं खरं. तरी ती चालते की नाही हे आपल्या मनाने ठरवू नका. वनमंडळाच्या कार्यालयात अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. झाडं पडलेली असतानाचे फोटो, पटवाऱ्याचा पंचनामा आणि शेताचा खसरा, म्हणजे जमिनीचा उतारा, एका फायलीत ठेवा. ट्रॉली भरण्याआधी, त्या जातीच्या लाकडाला वाहतुकीचा पास लागतो का हेही तिथेच विचारा. सागवान असतं तर हा प्रश्न टळलाच नसता.

आणि आता मशीन. ओंडका आडवा कापणं आणि उभा चिरणं यांत फार फरक आहे. चेनसॉची नेहमीची चेन आडव्या कापासाठी असते, तिच्या दातांचा कोन तीस अंशांच्या आसपास. उभं चिरायला दहा अंशांवर घासलेली वेगळी चेन लागते, नाहीतर फळी खरबरीत निघते आणि मशीन दमते. फूट-दीड फूट रुंदीचा काप सलग घ्यायचा तर इंजिन सत्तर सीसीच्या वरचं हवं. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या 52 किंवा 58 सीसीच्या मशीन फांद्या छाटायला ठीक असतात. त्यांच्याकडून दहा फुटी आंबा चिरून घ्यायला गेलात तर दुसऱ्या-तिसऱ्या कापाला इंजिन तापून जोर टाकतं.

त्याहून मोठा मुद्दा भुशाचा आहे. चेन प्रत्येक कापाला दोन ते तीन सूत लाकूड खाते (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). एक इंची फळ्या पाडताना तीन सुतांचा काप गेला तर सव्वा सत्तावीस टक्के, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त लाकूड भुसा होऊन जमिनीवर पडतं. आरा मशीनचं पट्टीचं पातं जेमतेम दोन मिलिमीटर खातं, म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास. तुमच्या आंब्याच्या बुंध्याचा घेर साठ इंच आहे असं धरू, लांबी दहा फूट. व्यापारी हिशोबाने घेराचा चौथा हिस्सा पंधरा इंच, त्याचा वर्ग 225, भागिले 144, गुणिले दहा: साडेपंधरा घनफूट. खरं गोल माप वीस घनफुटांच्या जवळ जातं, आणि हा फरक लाकूडवाल्याशी बोलताना लक्षात असू द्या. एवढ्या ओंडक्यातून चेनसॉवर जितक्या फळ्या निघतील, त्यापेक्षा आरा मशीनवर तीन-चार फळ्या सहज जास्त निघतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ट्रॉलीत चढू शकणारा प्रत्येक ओंडका परवाना असलेल्या आरा मशीनवर न्या. चेनसॉची चौकट ठेवायची तर फक्त त्या ओंडक्यासाठी, जो उचलता येत नाही किंवा मशीनवर मावत नाही. वर सांगितलेला दहा फुटी ओला आंबा अर्ध्या टनाच्या पुढे भरतो. त्याला हायड्रा क्रेन किंवा निदान चेनपुली आणि भक्कम तिकाटणं लागतं. खांद्यावर घेऊन ढकलायची ही गोष्ट नाही.

तुम्ही लिहिलंय की आपल्या झाडाचं लाकूड आपल्या हाताने घरात लागावं, कोणावर अवलंबून राहू नये. ही इच्छा मला फार मोलाची वाटते, आणि ती पुरी करायचा रस्ता वाळवण्यातून जातो. चिरणं दिवसभराचं काम आहे, पैसे देऊन चांगलं होतं. नीट वाळलेलं लाकूड मात्र पैसे देऊनही सहज मिळत नाही. दुकानातली फळी वरून कोरडी आणि आतून ओली असते, आणि पहिल्या उन्हाळ्यात दाराला फट पडते तेव्हा ते कळतं. महिनोन् महिने थांबायची जागा आणि धीर तुमच्याकडे आहे, कोणत्याही दुकानदाराकडे तो नसतो. मशीनचे पैसे वाचवून त्यातून पत्रे, आडपट्ट्यांचं लाकूड, ओलावा मोजायचा मीटर आणि किड्यासाठी टाकणखार (बोरॅक्स) घ्या. इंदूरच्या सियागंज बाजारात एका फेरीत यातलं बरंच काही मिळून जाईल.

आरा मशीनवर स्वतः उभे राहा. तयार फळी एक इंच हवी असेल तर सव्वा इंच, म्हणजे दहा सूत चिरायला सांगा. पाऊण इंच हवी तर पूर्ण इंच. वाळताना लाकूड आकसतं आणि रंधा मारताना उरलेलं जातं. ओंडक्याचा मधला बिंदू, जिथून वर्षांची वर्तुळं सुरू होतात, तो कोणत्याही फळीत येऊ देऊ नका. तो आला की ती फळी मधोमध चिरतेच. हवं तर त्या जागेचा चार इंची चौकोनी तुकडा वेगळा काढून घ्या, गोठ्याला खांब म्हणून चालेल. फळ्या ओंडक्यातून निघाल्या त्याच क्रमाने खडूने आकडे घालून घ्या. पुढे कपाटाची दोन दारं शेजारच्या फळ्यांतून केलीत की रेघ एकमेकीला जुळते, आणि तेवढ्यासाठी लोक दुकानात जास्त पैसे मोजतात.

फळी हातात आली की तिची कापलेली टोकं बघा. वर्तुळाच्या रेघा फळीच्या रुंदीला जवळजवळ समांतर असतील तर ती फळी सालीच्या बाजूला वाटीसारखी वर उचलणार. रेघा उभ्या, काटकोनात असतील तर ती शांत राहील. याचं कारण असं की लाकूड वर्तुळाच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने आकसतं. उभ्या रेघांच्या फळ्या वेगळ्या काढा, दारांच्या चौकटीच्या पट्ट्यांना त्याच वापरा. आडव्या रेघांच्या फळ्या कप्प्यांना आणि मागच्या भिंतीला.

चिरल्या दिवशीच तोंडं बंद करा. लाकूड टोकातून पृष्ठभागाच्या कितीतरी पट वेगाने वाळतं, म्हणून तडा नेहमी टोकापासून सुरू होतो. वितळवलेलं मेण उत्तम, जाड ऑइलपेंटचे दोन हात चालतात. संध्याकाळी करू म्हणून ठेवलं तर उन्हात केसाएवढ्या भेगा पडून गेलेल्या असतात आणि मग रंगाचा उपयोग नाही.

आता थप्पी. हे काम मी कोणावर सोपवत नाही. जमिनीपासून फूट-दीड फूट वर सिमेंटचे ठोकळे किंवा विटांचे खांब घ्या, सगळ्यांची पातळी दोरी लावून एक करा. पाया वाकडा असेल तर वरची प्रत्येक फळी तोच वाकडेपणा कायमचा धरते. त्यावर आडवे वासे, त्यावर फळ्यांचा पहिला थर, दोन फळ्यांत बोटभर जागा. मग आडपट्ट्या: पाऊण ते एक इंच जाडीच्या, सगळ्या एकसारख्या आणि पूर्ण वाळलेल्या. ओल्या पट्टीखाली फळीवर काळा पट्टा उमटतो तो रंध्यानेही जात नाही. आंब्यासाठी या पट्ट्या दीड-दीड फुटावर ठेवा, शिसमला दोन फुटांवर चालतील. पहिली आणि शेवटची पट्टी फळीच्या अगदी टोकाशी. आणि प्रत्येक थराची पट्टी खालच्या थराच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर आली पाहिजे. थप्पीच्या बाजूला उभं राहून पाहिलं की सगळ्या पट्ट्या ओळंब्यात एका रेषेत दिसायला हव्यात. एखादी पट्टी चार बोटं सरकली तर वरचं सगळं वजन त्या फळीला मध्ये दाबतं, आणि ती फळी बाक घेऊनच वाळते. वर पत्रा, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर काढलेला, आणि पत्र्यावर दगड. वजनामुळे वरचे थरही सरळ राहतात.

माळव्याच्या हवेचा इथे मोठा हात आहे. पावसाळ्यात चिरलेला आंबा थप्पीत बुरशी धरू शकतो, म्हणून त्याला चारही बाजूंनी वारं लागेल अशी जागा द्या, गोदामाचा कोपरा नको. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ सगळ्यात चांगला: हवा कोरडी होत जाते आणि ऊन मवाळ असतं, लाकूड आतून-बाहेरून सारखं वाळतं. एप्रिल-मेची लू, म्हणजे तापलेला कोरडा वारा, मात्र जाड लाकडाचा शत्रू आहे. बाहेरचा थर झटकन वाळून आकसतो, आतला ओला राहतो, आणि फळीच्या पाठीवर लांब भेगा पडतात. मार्चअखेर थप्पीच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला गोणपाट किंवा हिरवी जाळी बांधा, वारा पूर्ण अडवू नका, मंद करा. शिसमच्या दोन इंची चौकटींना याची फार गरज आहे.

किती दिवस लागतात? इंचाला एक वर्ष हा जुना ठोकताळा सुरक्षित आहे. दसऱ्याच्या सुमारास रचलेली एक इंची आंब्याची फळी आपल्याकडे पुढच्या मेपर्यंत बहुधा तयार होते, दोन इंची शिसम आणखी एक उन्हाळा मागते. मीटरने बघताना फळीचं टोक मोजू नका, मध्यावर एक ताजा काप घेऊन आतला आकडा बघा. कपाटाच्या आणि दारांच्या कामाला 8 ते 12 टक्के ओलावा हवा. मीटर नसेल तर प्रत्येक थरातली एक छोटी फळी बाहेर काढून दर महिन्याला काट्यावर तोला आणि तिच्यावरच पेन्सिलीने वजन लिहा. लागोपाठ दोन-तीन महिने आकडा हलला नाही म्हणजे ती बाहेरच्या हवेशी जुळली. पावसाळ्यात तीच फळी पुन्हा थोडं वजन घेईल. म्हणूनच दाराला आणि ड्रॉवरला सूतभर जागा सोडावी लागते.

आंब्याला किड्यापासून वाचवणं भागच आहे. दहा लिटर कोमट पाण्यात 360 ग्रॅम टाकणखार आणि 240 ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा आणि फळ्या ओल्या असतानाच, थप्पी रचण्याआधी, सगळ्या बाजूंना दोन-तीनदा फासा. हे क्षार लाकडातल्या ओलाव्यातून आत सरकतात, वाळलेल्या फळीवर ते वरवरच राहतात. पाऊस लागला की धुऊन जातात, म्हणून बाहेरच्या कामाला उपयोग नाही. या फळ्यांतून पोळपाट-लाटणं किंवा परात करू नका, त्यासाठी काही तुकडे साधे ठेवा. थप्पीखाली पिठासारखी बारीक पूड पडलेली दिसली तर समजा किडा जिवंत आहे. ती फळी त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळी करा.

चिरताना आणि रंधताना नाकाला चांगला मास्क बांधा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने मान्य केलं आहे, आणि सुतारकाम करणाऱ्यांत हे अजूनही हसण्यावारी नेलं जातं. कानांनाही बोळे हवेतच. चेनसॉचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो.

तुमच्या यादीत आंब्याच्या चौकटी आहेत, त्या काढून टाका. भिंतीत चिणलेल्या आंब्याला वाळवी लागणारच. आंबा कपाटाच्या कप्प्यांना, ड्रॉवरना, पलंगाच्या फळ्यांना द्या, रंग आणि नक्षी दोन्ही सुंदर येतात. चौकटी शिसमच्या गडद गाभ्यातून करा, पांढरा पट्टा रंध्याने पूर्ण काढून. वादळात पडलेल्या खोडांत कधीकधी रेघेला आडव्या जाणाऱ्या, सुरकुतीसारख्या बारीक ओळी दिसतात. झाड वाऱ्याने वाकलं तेव्हा तंतू तिथे चेपलेले असतात. अशी फळी दिसायला धड असते आणि वजन आलं की तिथेच मोडते, म्हणून पलंगाच्या पट्ट्यांना किंवा वाशांना ती घेऊ नका.

एका शिसममधून सगळ्या घराच्या चौकटी निघणार नाहीत. कमी पडेल तिथे जुन्या वाड्यांचं सागवान शोधा. आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. शहराच्या जुन्या भागातली कितीतरी घरंही लाकडाच्याच सांगाड्यावर उभी होती. ती पाडली जातात तेव्हा खांब, तुळया, पाट्या विकायला येतात. कित्येक दशकं वाळलेलं ते लाकूड आता वाकत नाही, पीळ खात नाही. आरा मशीनवर चिरून घेतलं की आतून नव्यासारखा रंग निघतो.

राहिला कडुलिंब. परवानगी मिळाली तर तो दिवाळीनंतरच पाडा. रेघ एकमेकींत गुंतलेली असल्यामुळे तो वाळताना पीळ खातो, म्हणून फळ्या जाड ठेवा आणि थप्पीत सगळ्यात खाली घाला, म्हणजे वजन त्याच्यावर येईल. मला काळजी आहे ती लोखंडाची. अंगणातल्या कडुलिंबाला कपडे वाळवायची तार, झोपाळ्याचा हूक, दिव्याच्या माळेचे खिळे, काय काय ठोकलेलं असतं. झाड वाढतं ते शेंड्याकडून, बुंधा नुसता जाड होतो. त्यामुळे आजोबांनी ठोकलेला खिळा आजही त्याच उंचीवर आहे, फक्त पाच-सहा इंच आत गेलाय. जमिनीपासून सात फुटांपर्यंतच्या भागावर असाच संशय घ्या. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर निळा-काळा डाग जिभेसारखा आत गेलेला दिसला तर त्याच रेषेत पुढे लोखंड आहे, लाकडातल्या टॅनिनशी त्याची क्रिया होऊन तो रंग येतो. धातू शोधायचं साधं हातातलं यंत्र मिळतं, ते सालीवरून फिरवा, सापडेल तिथे खडूने खूण करा आणि पटाशीने खोदून खिळा बाहेर काढा. खोलवरचा खिळा यंत्रालाही सापडत नाही. म्हणून खालचं सात फुटी खोड वेगळं तोडा, आरा मशीनवर फक्त वरचं पाठवा, आणि तरीही पातं खिळ्यावर तुटलं तर खर्च कोणाचा, हे ओंडका चढवण्याआधी मशीनवाल्याशी ठरवून घ्या.